फाटकावरच्या आक्का

सरकारी नोकरीतली माझी किती वर्षं जनावरांवर उपचार करण्यात गेली आणि किती फाटकापाशी शेंगा फोडण्यात गेली, हे मला नेमकं सांगता येणार नाही. सरकारनं कधी विचारलं नाही, हे माझं नशीब.

मी जनावरांचा डॉक्टर. पुणतांब्याच्या अलीकडे, रेल्वेलाइनीला चिकटून असलेल्या एका गावात आमचा दवाखाना होता आणि माझ्या वाट्याची निम्मी गावं लाइनीच्या पलीकडे. त्यामुळे दिवसातून दोन-चारदा तरी ते फाटक ओलांडावंच लागे. लाइन तेव्हा एकेरी होती, डिझेल इंजिनं चालायची, आणि मालगाड्यांना कुणी वाली नव्हता. एक्स्प्रेस आली की मालगाडी बाजूला, पॅसेंजर आली की मालगाडी बाजूला. पन्नासेक डबे ओढत ती कधी येईल, कुठे थांबेल आणि कधी हलेल, हे खुद्द ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. आणि ती पूर्ण जाईपर्यंत फाटक बंद. आता तिथे विजेच्या तारा आल्यात, दुसरी लाइन पडलीय, फाटक जाऊन त्या जागी भुयारी रस्ता झालाय. पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं. पूर्वी लोक फाटकाला शिव्या द्यायचे, आता पाण्याला देतात. पण पाण्याला उलट उत्तर देता येत नाही. आक्कांना येत होतं.

आक्का म्हणजे त्या फाटकावरच्या गेटवाल्या बाई. पन्नाशीच्या पुढच्या, काटक, साडीवर रेल्वेचं नारिंगी जाकीट आणि पायात कुणाचे तरी मोठे बूट. त्यांचे मालक रेल्वेत गँगमन होते. ते गेले आणि त्यांच्या जागी आक्का लागल्या, एवढं गावाला माहीत होतं. कसे गेले ते कुणी बोलत नसे. मीही बाहेरचा माणूस, मी कशाला विचारू?

आमची पहिली भेट भांडणानं झाली. फाटक पडलेलं, गाडीचा पत्ता नाही, आणि मला पलीकडे तातडीनं जायचं होतं. मी मोटारसायकल आडवी करून दांड्याखालून काढायला लागलो, तर मागून एक हात आला, आणि गाडीची किल्ली निघून आक्कांच्या कमरेला खोचली गेली.

“कुठं निघालात?”

“गाय अडलीय. वासरू आडवं आलंय पोटात.”

“मंग? तुमी गाडीखाली गेल्यावर त्या गाईकडं कोन बघनार?”

त्यांनी आतून एक सूप आणून माझ्यापुढे ठेवलं. सुपात भुईमुगाच्या शेंगा.

“थांबलाय तर हात चालवा,” म्हणाल्या.

मी रागानं शेंगा फोडल्या. गाडी आली, गेली, किल्ली मिळाली. गाय सुटली, वासरू जगलं. त्यानंतर मी बदली होईपर्यंत शेंगा फोडत राहिलो.

मी एकटाच नव्हे. त्या फाटकावर जो थांबला तो फोडायला बसला. शाळेचे मास्तर, दूधवाले, ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवरची माणसं, सगळे. शेंगा नसतील तेव्हा लसूण, लसूण नसेल तेव्हा मटकी निवडायला. एकदा कुणा मोठ्या साहेबांची पांढरी गाडी अडकली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. आक्का शांतपणे बाहेर आल्या आणि ओंजळभर शेंगा त्या चकचकीत बॉनेटवर ठेवून परत गेल्या. हॉर्न थांबला. मग ड्रायव्हर उतरून फोडायला लागला. मग साहेब उतरले. दोन-चार फोडल्यावर त्यांनी एक दाणा तोंडात टाकला, तशी आतून हाक आली, “खायच्या न्हाईत साहेब, फोडायच्या हायेत!”

साहेबांनी दाणा गिळला की तसाच तोंडात धरून ठेवला, ते मला दिसलं नाही.

या दाण्यांचं आक्का काय करत? चटणी करत आणि मालगाडीच्या गार्डांना देत. स्टेशनात जागा नसली की गाडी सिग्नलला उभी राही, आणि मग कधी कधी शेवटचा, गार्डचा डबा बरोबर फाटकापाशी येई. त्या डब्यात एकटा माणूस. ना बोलायला कुणी, ना खायला काही. आक्का त्याला भाकरी आणि चटणीचा पुडा नेऊन देत. गार्ड लोक बदल्यात आपली वाचून झालेली वर्तमानपत्रं देत. आक्का ती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत, टेंडर नोटिसांसकट, आणि मग मला बातम्या सांगत.

“आक्का, ही बातमी गेल्या महिन्यातली आहे.”

“मला आज कळली ना? मंग ती आजचीच.”

मालगाड्यांवर त्यांचा फार जीव. पॅसेंजरला त्या हिरवं निशाण दाखवत, पण ते एखाद्या न आवडणाऱ्या पाहुण्याला पाणी द्यावं तसं. “पॅसेंजरचं काय कवतिक? मानसं नेती. मानसं पायी बी गेली असती. साखर पायी जाती का? खत जातंय का?”

इंजिनांकडे त्या जनावरं म्हणूनच बघत, आणि मी जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे तक्रारी माझ्याकडे येत. लांबून धूर सोडत एखादं डिझेल यायला लागलं की म्हणत, “डॉक्टर, ह्यो कालपास्नं ढासतोय बघा. काय तरी द्या त्याला.” एखादं गप गुमान जाणारं इंजिन ‘गरीब’, हिसका देऊन डबे ओढणारं ‘मारकं’. मी एकदा गमतीनं म्हटलं, “आक्का, त्याला दावणीला बांधा.” तर म्हणाल्या, “बांधलं असतं हो. पन लोखंडाला कान नसत्यात. जनावर हाळी दिली की थांबतंय.”

हे ‘लोखंडाला कान नसत्यात’ त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते मुख्यतः एकाच गोष्टीसाठी. मालगाडी फाटकावरच आडवी उभी राहिली की गावातली माणसं डब्यांच्या खालून पलीकडे जात. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया जात, शाळेची पोरं जात, सायकली खालून सरकवल्या जात. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. बाकीचे गेटमन दुसरीकडे बघत. पण आक्कांची पाळी असली की कुणाची टाप नव्हती. एका पैलवानाला त्यांनी निशाणाच्या काठीनं असा हाणला होता की तो पुढच्या जत्रेत कुस्तीला उतरला तेव्हा प्रतिस्पर्ध्याआधी आक्का आल्यात का ते बघत होता.

आणखी एक विचित्र गोष्ट होती, ती मला फार उशिरा लक्षात आली. आक्का कुणालाही कधी ‘लवकर’ म्हणत नसत. शेळी पिकात शिरली तरी नाही, दूध उतू गेलं तरी नाही. दुसऱ्या कुणी म्हटलं तरी त्यांना खपत नसे. “आक्का, जरा लवकर उघडा” असं कुणी म्हणालं, की त्या हातातलं काम दुप्पट हळू करत. मी समजत होतो की हा हट्टीपणा. अशा माणसांना आपण ‘वल्ली’ म्हणतो आणि हसून मोकळे होतो, तसा मीही झालो होतो.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं.

एकुलती एक मुलगी, नर्सिंग शिकलेली. मुलगा नगरला नागापूरच्या कारखान्यात कामाला, गाव मात्र आमच्याच लाइनीच्या पलीकडचं. आक्कांना जावई बेहद्द पसंत होता, कारण पहिल्यांदा बघायला आला तेव्हा फाटक बंद होतं, आणि आपण कोण हे न सांगता तो खाली बसून शेंगा फोडायला लागला होता. मुलाचे वडील मात्र वेगळे. त्यांचा मालट्रकांचा धंदा, आणि रेल्वेफाटक म्हणजे देवानं खास त्यांच्या वाईटावर निर्माण केलेली वस्तू, अशी त्यांची समजूत. साखरपुड्यात जेवायला बसल्यावरही ते घड्याळ बघत होते.

मांडव रेल्वे क्वार्टरशेजारच्या मोकळ्या जागेत, फाटकापासून हाकेच्या अंतरावर पडला. लग्न दुपारचं. मी सकाळी गेलो तर आक्का जाकीट घालून फाटकावर!

“आक्का, आज सुट्टी नाही घेतलीत?”

“कशाला? कन्यादान दीर-जाऊ करनार. आईनं काय मंगलाष्टकं बघायची नसत्यात. मंग रिकामं बसून काय करू? ड्युटी तर करते.”

आमच्याकडे तशी रीत आहे खरी. मुलीवर अक्षता पडताना आईनं बघू नये. ती आत तुळशीपाशी बसते. आक्का फाटकापाशी बसल्या होत्या. स्टेशन मास्तरांनी आपण होऊन सुट्टी देऊ केली होती, तीही त्यांनी नाकारली असं मागून कळलं. मला वाटलं, चला, हा आणखी एक विक्षिप्तपणा.

मुहूर्त जवळ आला. पलीकडून बँडचा आवाज येऊ लागला, फेटे दिसू लागले, नवरदेवाची गाडी दिसली. आणि त्याच वेळी मनमाडकडून सिमेंटची मालगाडी आली, हळू झाली, आणखी हळू झाली आणि बरोबर फाटकावर येऊन उभी राहिली. इंजिन तिकडे वळणापलीकडे, गार्डचा डबा इकडे लांब मागे, आणि मधे नुसते डबेच डबे. आक्कांनी स्टेशनला फोन लावला. बाहेर येऊन म्हणाल्या, “डिझेल फेल झालंय. ब्रेकाला प्रेशर येत न्हाई. टाइम लागंल.”

इकडे मांडवात मुलगी मुंडावळ्या बांधून तयार, तिकडे नवरदेव, आणि मधे सिमेंट.

वऱ्हाडातल्या दोघा-चौघांनी काय करायचं ते लगेच ठरवलं. डब्याखालून मला धोतरं, बूट आणि वाकलेली डोकी दिसली. आक्का धावत गेल्या आणि लाइनीच्या इकडच्या बाजूला उकिडव्या बसल्या. पलीकडे नवरदेवाचे वडीलही उकिडवे बसले. डब्याखालून दोघांचे चेहरे समोरासमोर आले. मी आक्कांच्या मागेच उभा होतो.

“ओ गेटवाल्या बाई, व्हा बाजूला. नवरदेवाला खालनं घेतो. दोन मिन्टाचं काम हाय.”

“न्हाई.”

“अवो, तुमच्याच पोरीचं लगीन हाय ना?”

“म्हनून तर ड्युटी घेतली. दुसरा गेटमन आसता तर त्यानं जाऊ दिलं आसतं.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

“आन मुहूर्त टळला तर?”

“टळू द्या.”

ते भडकले. साहजिक होतं. सगळं गाव बरोबर, बँड थांबलेला, आणि मुलीची आई डब्याखालून नाही म्हणतेय. “मंग आमी वऱ्हाड माघारी नेतो,” ते ओरडले. “बसा तुमचं फाटक धरून!”

मांडवातून आक्कांचे दीर पळत आले. “वैनी, आवो काय करताय? पोरीचं वाटोळं करताय का? समदी जात्यात खालनं, एक दिवस गेली म्हनून काय झालं?” मुलगी मांडवाच्या तोंडाशी येऊन उभी होती. ती आईकडे बघत होती.

आक्कांचा आवाज होता तसाच.

“न्या माघारी. पोर ऱ्हाईल माझ्या घरात. पन माझा जावाई ह्या डब्याखालनं येनार न्हाई.” मग जरा थांबून, खालच्या आवाजात त्या म्हणाल्या, “आमचं मानूस हितंच गेलं, पाव्हनं. जेवायला येत हुतं तिकडनं. आशीच गाडी हुबी हुती. जल्म रेल्वेत गेलेला, पन वाकलं. मी हितं भाकरी थापत हुते. म्याच वरडले, या लवकर, गार हुतीया. त्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात हिसका बसला.”

इतकी वर्षं ज्या गोष्टीला मी हसत होतो, ती ही होती.

पलीकडे नवरदेवाच्या वडिलांचे बूट थोडा वेळ तिथेच राहिले, मग मागे सरकले आणि निघून गेले. ते वऱ्हाड वळवायला गेले की काय, आम्हाला दिसत नव्हतं. मग दोन डब्यांच्या फटीतून नवरदेवाचा आवाज आला, “मामी, मी हाय हितं. तुमी सांगाल तवा येतो.”

गुरुजी पंचांग घेऊन मांडवातून आले. ते घायकुतीला आलेले, कारण त्यांना पुढचं लग्न होतं. “अहो, वेळ झाली. वधूवर समोरासमोर नाहीत, अंतरपाट नाही, मी मंगलाष्टकं म्हणू कशावर?”

“अंतरपाट धरलाय की,” आक्का म्हणाल्या.

“कुठे?”

आक्कांनी डब्याकडे बोट दाखवलं.

“असा अंतरपाट शास्त्रात नाही हो!”

“शास्त्रात रेल्वे तरी कुठं हाय?”

गुरुजींनी पंचांग मिटलं. पोरांनी मांडवातला कर्णा उचलून फाटकापाशी आणला. इकडे मुलगी हार घेऊन उभी राहिली, तिकडे नवरदेव. आक्का रीतीप्रमाणे पाठ करून केबिनच्या आडोशाला बसल्या. मंगलाष्टकं सुरू झाली. फटीतून पलीकडच्या बायकांनीही सूर लावला, तेव्हा वऱ्हाड माघारी गेलेलं नाही एवढं कळलं आणि मला हायसं वाटलं. दोन्हीकडून अक्षता उडाल्या त्या सगळ्या सिमेंटच्या डब्यावर पडल्या. शेवटचं सावधान झालं, बँड वाजला. पण अंतरपाट काही हलेना!

मग वाद पेटला. लग्न लागलं की नाही लागलं? आक्कांच्या दिरांचं म्हणणं लागलं. गुरुजींचं म्हणणं, हार पडल्याशिवाय आपण काही बोलणार नाही. शाळेच्या मास्तरांचं म्हणणं, निम्मं लागलं. वाढपी विचारायला आले, पंगत बसवायची का. उन्हात सगळे घामाघूम, पण आक्कांच्या देखत ‘लवकर’ म्हणायची कुणाची छाती होईना. बँडवाल्यांना दुसरं काम नव्हतं, ते आपले वाजवत राहिले.

मी फटीसमोर उभा होतो, म्हणून मला पुढचं दिसलं. नवरदेवाचे वडील तिकडून फटीपाशी आले. इकडे काय चाललंय ते बघायला त्यांनी मान पुढे घातली, आणि सैल झालेला फेटा घसरून डब्याखाली रुळावर पडला. ते उचलायला वाकले. हात पुढे केला, आणि मधेच थांबले. फेटा हातभर अंतरावर होता. त्यांनी हात मागे घेतला.

इंजिननं भोंगा दिला असेल, पण बँडच्या आवाजात आम्हाला कुणाला ऐकू आला नाही. वळणाकडून एकेक डब्याला हिसका बसत ते आमच्यापर्यंत आलं, धाड धाड करत, आणि समोरचं चाक त्या फेट्यावरून गेलं. बँड बंद पडला. डबे सरकू लागले, आणि प्रत्येक फटीत मला तो बोडक्या डोक्याचा माणूस क्षणभर दिसे. तो रुळाकडे बघत होता.

आक्का केव्हाच हिरवं निशाण घेऊन उभ्या राहिल्या होत्या. चाकांकडे बघत होत्या, एकेका डब्याच्या. सरतेशेवटी गार्डचा डबा आला. उरलेल्या अक्षता लोकांनी त्या गार्डवर टाकल्या. त्याला काही कळलं नसावं, पण त्यानं हात जोडले.

गाडी गेली. मधे काही उरलं नाही, नुसते रूळ आणि दोन बाजूंचे दोन दांडे. मुलीनं त्याला बघितलं, त्यानं तिला, आणि दोघं हसली. आक्कांनी मात्र तिकडे बघितलं नाही. सरळ आत जाऊन स्टेशनला फोन केला, बाहेर आल्या आणि फाटक उचलायच्या चाकाची मूठ धरली.

पण चाक फिरेना. मूठ धरून त्या नुसत्या उभ्या होत्या, आणि खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी आक्कांना रडताना पाहिलं नव्हतं. मी पुढे झालो, पण त्या चाकाला बाहेरच्यानं हात लावायचा नसतो, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. तसाच उभा राहिलो.

लाइन मोकळी होती. दोन्हीकडे एकही गाडी नव्हती. दांडा कमरेएवढा, पोरसुद्धा वाकून आलं असतं. पलीकडे सगळं वऱ्हाड दांड्याला भिडून उभं होतं, मागचे पुढच्यांना रेटत होते, आणि सगळ्यांत पुढे नवरदेवाचे वडील बोडक्या डोक्यानं दोन्ही हात पसरून त्यांना अडवून धरत होते.

“विहीनबाई,” त्यांनी तिकडून हाक दिली, “तुमचं हुंद्या. आमी थांबलोय.”